पुढे जागा सोडा

आमच्या घरात चित्रकार मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर नंतर ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

कांदिवलीला आमच्या इमारतीच्या गणपतीचं मखर दरवर्षी माझ्या हातचं असायचं. थर्माकोल कापायच्या तापल्या तारेने माझी बोटं भाजायची आणि ती मी आल्यागेल्याला दिसतील अशी धरायचे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या वेळा लिहिलेला बोर्ड माझा, वरच्या मजल्यावरच्या मुंजीची पाटी माझी, हळदीकुंकवाची रांगोळी माझी. ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा देऊन, ड्रॉइंग टीचरचा कोर्स करून मी बोरिवलीच्या एका शाळेत पाचवी ते दहावीच्या मुलांना निसर्गचित्र आणि संकल्पचित्र शिकवत होते. 'आमच्या चेडवाचो हात बघा,' असं आई लोकांना सांगायची. चेडू म्हणजे मुलगी. आई मालवणकडची, आणि कौतुक किंवा राग अनावर झाला की तिच्या तोंडून मालवणीच यायची.

मग दादाने लग्न केलं, तेही एका चित्रकार मुलीशी.

वहिनी मुलुंडची. मोठ्या आर्ट कॉलेजात पाच वर्षं शिकलेली. वयाने माझ्याहून लहान आणि नात्याने मोठी, म्हणजे वहिनी म्हणायचं मी आणि अगं म्हणायचं तिने. ती भांडखोर असती तर फार सोयीचं झालं असतं. पण ती भांडायची नाही, आईच्या हातातलं काम काढून घ्यायची, दादाचे शर्ट इस्त्री करायची आणि उरलेल्या वेळात गॅलरीत बसून मोठमोठ्या कागदांवर काळे डाग काढायची. मला ते डागच दिसायचे. पहिल्या गणपतीत तिने माझ्या मखराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "किती नीट केलंयस गं." नीट. हा शब्द मी पाचवीच्या मुलांच्या वहीवर लाल पेनाने लिहायचे, ज्यांच्या चित्रात लिहिण्यासारखं दुसरं काही नसायचं त्यांच्या. त्या वर्षी गणपती गेले तरी तो शब्द काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

एकच गोष्ट माझ्या बाजूने होती. वहिनीशी आई जपून, आहे-नाहीच्या पुस्तकी मराठीत बोलायची. मालवणी माझ्यासाठी राखलेली होती.

एका संध्याकाळी शेजारच्यांकडे वहिनीसाठी फोन आला. फोन त्या एकाच घरी होता, त्यामुळे बातमी आमच्याआधी त्यांना कळली. मुंबईतल्या मोठ्या म्युझियममध्ये महिनाभराचं प्रदर्शन भरणार होतं, तरुण चित्रकारांचं, आणि त्यात वहिनीला बोलावलं होतं. आम्ही उपनगरातले लोक, आम्ही तिकडच्या भागालाच मुंबई म्हणायचो. त्या म्युझियममध्ये मी दर वर्षी शाळेची मुलं घेऊन जायचे. मुलं पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे दंगा करायची आणि मी वरच्या दालनात चित्रांखालची नावं वाचत हिंडायचे. तिथे आपलं नाव कसं दिसेल हे मी कधी मनात लिहून पाहिलं नव्हतं असं नाही. अक्षरं कोणत्या वळणाची असावीत इथपर्यंत माझं ठरलं होतं.

जेवताना दादाने विचारलं, "कुठली चित्रं देणार?"

"चित्रं नाही द्यायची मला," वहिनी म्हणाली. "मांडणी करायची आहे."

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "अगं, मांडणी आहे की आपल्याकडे," ती म्हणाली. "एवढी चांगली मांडणी असताना नवीन कशाला करायची?"

दादा ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसले, अगदी पोट धरून. आईला मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी, भिंतीला ठोकलेली, स्टीलची, वर डबे, मध्ये ताटं उभी, खाली वाट्या आणि पेले. दुसरी कुठली मांडणी असते हे तिला का ठाऊक असावं? दादाने तिला समजावलं, की अगं, हॉलमध्ये वस्तू मांडतात, त्यालाच कला म्हणतात आता. आई म्हणाली, "मग मी काय वेगळं करते?" आम्ही आणखी हसलो.

वहिनी हसली नाही. तिचा घास हातात तसाच राहिला होता आणि ती आईच्या खांद्यावरून मांडणीकडे बघत होती. मी तेव्हाच हसणं थांबवायला हवं होतं. त्या मांडणीसमोर मी जन्म काढला होता. तिच्यासमोर अभ्यास केला, तिच्यासमोर रडले, धुतलेल्या भांड्यांची टोपली रोज तिच्यावर रिकामी केली. आणि ती बाई सून म्हणून आली काय आणि आईच्या एका चुकीच्या शब्दावरून तिला ते दिसलं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलंच. "आई, तुमची मांडणी नेऊ का? भांड्यांसकट. महिनाभराने होती तशी आणून लावते."

मी चहा गाळत होते. मला खात्री होती की आता आई तिला जमिनीवर आणणार. या मांडणीपायी माझं काय काय झालं होतं ते मला माहीत होतं. कोर्सला असताना स्थिरचित्राचा अभ्यास करायचा म्हणून मी एकदा वरची पितळी कळशी आणि दोन वाट्या काढून खिडकीत ठेवल्या होत्या. आईने कळशी उचलून नेली आणि माझ्यापुढे कान तुटलेला कप आणून आदळला. "ह्येचा काढ चित्र," म्हणाली. तो कप मी काढला. त्याला पास होण्यापुरते मार्क पडले.

आता आईने हात पदराला पुसले. मांडणीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं.

"घेवन जा गो," आई म्हणाली. "माजी मांडणी मुंबैक जातली, चांगला आसा."

मालवणीत म्हणाली. तिच्याशी. मला त्या क्षणी मांडणीचं काही वाटलं नाही, आई वहिनीशी मालवणीत बोलली याचा इतका संताप आला की चहा कपाबाहेर ओतला गेला आणि मी तो पुसलाही नाही.

टेम्पो आला. दादाने आणि टेम्पोवाल्याने स्क्रू काढून मांडणी खाली घेतली, भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून गोणपाटांत भरली. भिंतीवर मांडणीच्या मापाचा एक पांढरा चौकोन राहिला, बाकी सगळी भिंत फोडणीच्या धुराने पिवळी पडलेली. आई खाली जाऊन टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहिली. इमारतीतल्या बायका विचारत होत्या, घर बदलताय का, आणि आई त्यांना मोठ्या तोंडाने सांगत होती की सुनेला म्युझियमने बोलावलंय, माझ्या भांड्यांसकट.

आता जेवायचं कशात हा प्रश्न आला. आईने शेजारून चार ताटं, चार वाट्या उसन्या आणल्या. आणि इथे मला माळ्यावरच्या ट्रंकेबद्दल सांगायला हवं.

मी दहावीला असल्यापासून आई माझ्या लग्नासाठी भांडी जमवत होती. दसऱ्याला ताट, पाडव्याला पातेलं, कधी डब्यांचा संच. बारशात मिळालेली माझी वाटीसुद्धा तिने त्यातच टाकली होती. भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचं, मशीनच्या सुईने टिंबाटिंबांचं. दुकानदार विचारायचा, नाव काय घालू? आई माझं नाव सांगायची आणि म्हणायची, "पुढे जागा सोडा." म्हणजे आडनावाची. लग्न ठरलं की तिथे सासरचं आडनाव घालून आणायचं. सुरुवातीला मी लाजायचे. नंतर दुकानाबाहेर उभी राहायला लागले. पुढे पुढे दुकानदारही विचारेनासा झाला, आपणहून जागा सोडायचा. तिशी जवळ आली होती, बघून गेलेल्यांचं नाव काढणंही आम्ही बंद केलं होतं, तरी ट्रंक भरत होती. त्या ट्रंकेखाली बसून आम्ही शेजाऱ्यांच्या ताटात जेवत होतो आणि आईला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी एकदा माळ्याकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "खुळी काय? ती तुज्या घरची."

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी आई लग्नातली साडी नेसली. मी शाळेत नेसते तीच नेसले, मुद्दाम.

दालन मोठं, छत उंच, भिंती पांढऱ्याशुभ्र. एकाने दोरखंड टांगले होते, एकाने वाळूचा ढीग घातला होता, तिथे लोक जरा थांबत आणि पुढे जात. गर्दी होती ती आमच्या मांडणीपुढे. पांढऱ्या भिंतीवर ती एकटी लावलेली होती, वरून दिवे सोडलेले, आणि तिच्यावर आमची रोजची ताटं, वाट्या, डबे, कळशी. वहिनीने केलं होतं काय, तर भांडी फिरवली होती. घरी नावं भिंतीकडे गेलेली असतात, बाजूला असतात, कुणी बघत नाही. तिने प्रत्येक भांड्यावरचं नाव समोर आणलं होतं. बस्स, एवढंच. एवढंच केलं होतं तिने, आणि लोक वाकून वाकून वाचत होते.

कळशीवर आईचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं, त्यानंतर त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती, मलाही ते फक्त ऐकून माहीत होतं, कळशी घासताना मी ते कधी वाचलं नव्हतं. एका परातीवर आजीचं. बाबांच्या नावाचा डबा, गिरणीत न्यायचा तो. गिरणी सुटल्यावर बाबा गावी जाऊन राहिले होते आणि डबा इथेच राहिला होता. दादाचा चांदीच्या मुलाम्याचा पेला. मामांनी, आत्यांनी, गिरणीतल्या मित्रमंडळींनी दिलेल्या भेटी, सगळ्यांची नावं. एक जाडजूड बाई पेल्यावरचं नाव बोटाने वाचून सोबतच्या मुलीला म्हणाली, "आपल्याकडे पण असंच आहे ना गं, मावशीचं?" आणि तिचे डोळे भरून आले. ज्या वस्तूंनी ती रडली त्या मी त्याच महिन्यात राखेने घासल्या होत्या.

चांगलं होतं. मी ड्रॉइंग टीचर आहे, चांगलं-वाईट मला कळतं. वाईट असतं तर मी हसत घरी आले असते.

मी माझं नाव शोधायला लागले. वरची फळी बघितली, मधली बघितली, खालच्या फळीसाठी गुडघ्यावर बसले. रखवालदाराने हटकलं, "बाई, हात नका लावू." मी म्हटलं, "घरची भांडी आहेत माझी." तो म्हणाला, "असतील, पण हात लावायचा नाही."

वहिनीचं नाव होतं. तिच्या लग्नातला सबंध संच होता, त्यावर दादाने तांदळात लिहिलेलं सासरचं नाव. आणि बाजूला भिंतीवरच्या कार्डावर, छापील अक्षरांत, चित्रकार म्हणून तिचं माहेरचं नाव. त्या भिंतीवर तिची दोन नावं होती आणि माझं एकही नव्हतं. माझ्या आईच्या मांडणीवर.

गर्दी जरा हटल्यावर मी तिला गाठलं. "वहिनी, माझं नाव कुठे आहे?"

ती गोंधळली. मांडणीकडे बघून तिने आठवायचा प्रयत्न केला. "मांडणीवर होतं तेवढंच आणलं गं," ती म्हणाली. "तुझं नव्हतंच काही."

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. ते खरं होतं म्हणून म्हटलं होतं. आई मधे पडली, "तिची वर आहेत माळ्यावर, ती वेगळी," आणि मग मोठ्या कौतुकाने त्या जाडजूड बाईला आपलं माहेरचं नाव दाखवायला गेली. परतताना गाडीत आई आणि वहिनी बाकावर बसून मालवणीत आणि मुलुंडी मराठीत बोलत होत्या. मी उभी राहिले. मला बसायला जागा नव्हती असं नाही.

पुढच्या रविवारी आईने इमारतीतल्या बायकांना म्युझियम दाखवायला नेलं. वहिनी सोबत गेली. दादा त्यांच्या पुड्या-पाणी सांभाळायला. मला डोकं दुखतंय असं मी सांगितलं. दुपारी घर रिकामं झालं आणि मी त्या पांढऱ्या चौकोनासमोर बसून उसन्या ताटात आमटीभात घेतला. ताटावर शेजारच्या काकूंचं नाव होतं. दोन घास खाल्ले आणि हात धुतला. स्टूल घेतलं, ट्रंक माळ्याच्या कडेला ओढली आणि एकेक भांडं खाली आणलं.

वर्तमानपत्रांत गुंडाळलेली होती सगळी. कागद पिवळे पडले होते, भांडी दुकानातल्यासारखी. मांडणी नव्हती, म्हणून बसायचे पाट उपड्या डब्यांवर आडवे टाकून भिंतीलगत पायऱ्या केल्या आणि त्यावर लावायला घेतलं. मी कलाबिला काही करत नव्हते. मला माझ्या ताटात जेवायचं होतं, इतकंच. पण लावता लावता मी नावं समोर आणली. तिने आणली होती म्हणूनच आणली, त्यात लपवण्यासारखं काय आहे. सगळ्यात पुढे बारशातली वाटी, मग ताटं, मग पातेली, मागे डबे. प्रत्येकावर माझं नाव आणि पुढे कोरी जागा. जुन्या भांड्यांवर ती जागा ऐसपैस होती, आडनाव आणि वर गावाचं नावही मावलं असतं. नंतरनंतरच्यांवर दुकानदाराने नाव मोठं घातलं होतं आणि जागा आखडती घेतली होती. हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी तिथे जमिनीवर बसून राहिले.

आई आधी आत आली. चपला काढता काढता बायकांचं काय काय झालं ते सांगत होती, ती दारातच थांबली.

"ह्या काय केलंस?"

"जेवायला घेतली."

"आता लग्नात काय देव तुका?" तिचा आवाज चिरका झाला. आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती खाली बसली. पातेल्यावरचं माझं नाव तिने पदराने पुसलं, पुढची कोरी जागाही पुसली. मग उठली, पदर खोचला आणि दोन ताटं उचलून मोरीकडे निघाली. "धुतल्याबिगर वापरतत काय कोण?" म्हणाली. "दुकानाची धूळ आसा."

तेव्हा मला दारातली वहिनी दिसली. ती कधी आली होती कोण जाणे. खांद्याला पर्स तशीच होती आणि ती माझ्या पायऱ्यांकडे बघत होती. नावावरून कोऱ्या जागेवर, पुढच्या नावावरून पुढच्या कोऱ्या जागेवर, ओळीने, एकही भांडं न सोडता. मांडणीकडे तिने त्या रात्री असंच पाहिलं होतं. फक्त आता तिच्या चेहऱ्यावर आणखीही काही होतं, आणि ते ओळखायला मला वेळ लागला नाही. तिचं लग्न झाल्यापासून मी ते रोज आरशात बघत होते.

"अगं," ती हळूच म्हणाली, "हे..."

"नाही," मी म्हटलं.

"मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"विचारू नकोस."

ती आत आली. वाकली. बारशातल्या वाटीकडे तिने हात नेला.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ही माझी मांडणी आहे."

तिने हात मागे घेतला. मोरीत आई ताटं घासत होती, त्याचा आवाज येत होता. वहिनी तिथेच पाटाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली आहे." नीट आहे असं म्हणाली नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांना माझ्या भांड्यांत वाढलं. दादाला काही कळलं नाही, त्याने दोनदा आमटी मागून घेतली. वहिनी मात्र वाटी हातात धरून अंगठा त्या कोऱ्या जागेवरून फिरवत होती, फिरवत होती, तिची आमटी गार झाली. मी तिच्याकडे बघत पोटभर जेवले.